र किती वेळाचा? मोजमापाच्या नोंदी, नाशिक

१७ जून

आठवीच्या वर्गात प्रकट वाचन घेतलं. स्वाध्यायाचा कागद मीच फोनवर टाइप करून झेरॉक्स काढला होता. एका मुलानं वाचलं, ‘सह्याद्रीच्या दर्याखोर्यांत.’ मी थांबवलं. म्हटलं, दऱ्या म्हण, दर्या म्हणजे समुद्र. त्यानं कागद पुढे केला. कागदावर ‘दर्याखोर्यांत’ असंच होतं. घाईत र चा रफार होऊन य वर चढला होता, आणि मुलानं लिहिलं होतं तेच अगदी बरोबर वाचलं होतं.

मग त्यानं विचारलं, “पण बाई, दोन्हीत र आणि य च आहे ना? मग ऐकू येणारा फरक कशाचा?”

मी लगेच सांगून टाकलं, की दर्यातला र लांब आहे, जोरात आहे, आणि दऱ्यातला आखूड. वर्गानं मान डोलावली. घरी येताना अशोकस्तंभापर्यंत दोन्ही शब्द पुटपुटत आले आणि माझ्याच उत्तरावरचा विश्वास डळमळला. एकवीस वर्षं हे शिकवते आहे, पण र ची लांबी कधी मोजून पाहिली नाही. आता मोजायची. नोंदी रोजच्या रोज ठेवायच्या.

१९ जून

जुन्या लॅपटॉपवर प्राट घेतलं. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांनी बनवलेला हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. ‘प्राट’ हा डच शब्द बोलण्याशी नातं सांगणारा आहे. आवाज दिला की तो खाली करड्या पट्ट्यांचं चित्र काढतो. स्वर गडद दिसतात आणि जीभ कुठे टेकून हवा अडली की तिथे फिकट भेग पडते. र शोधायचा म्हणजे ती भेग शोधायची.

शब्द आधी ठरवून घेते, नाहीतर पुढे गोंधळ होईल. भाषाशास्त्रात दोन र वेगळे धरतात. पहिल्यात जिभेचं टोक दातांमागच्या कडेला एकदाच टिचकी मारून परत येतं, तो ताडित. साधारण २० ते ३० मिलिसेकंदांत काम संपतं. दुसऱ्यात टोक सैल धरलेलं असतं, फुप्फुसातली हवा त्याला फडफडवते, तो कंपित. ही फडफड स्नायूंनी केलेली नसते. उघड्या खिडकीचा पडदा वाऱ्यानं हलतो तशी हवाच ती करते, सेकंदाला सुमारे २५ ते ३० वेळा. म्हणून दोन-तीन फडफडींचा र शंभर मिलिसेकंदांच्या आसपास जातो. नोंदींपुरतं मी एकीला टिचकी म्हणेन आणि दुसरीला थरथर.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची आहे. थरथर म्हणजे लांबवलेली टिचकी नव्हे. टिचकी हा जिभेनं केलेला फटका आहे. तो सावकाश मारला तर त्याचा ड किंवा द होतो, र राहत नाही. थरथरीत मात्र जिभेनं फक्त जागेवर थांबायचं असतं. लहान मुलांना असा र उशिरा का येतो हे यावरून कळतं: थांबायचं, पण घट्ट नाही, आणि हवा नेमक्या दाबानं सोडायची.

२१ जून

पहिली नोंद आईची. पंखा बंद केला, कुकर उतरवला, तरी रस्त्यावरच्या भाजीवाल्याचा कर्णा दोनदा आत आला. तेवढे शब्द पुन्हा घेतले.

शब्द असे: राम, वारा, पारा, दर्या, दऱ्या, आचार्यांना, आचाऱ्यांना, कुऱ्हाड, सर्रास, भुर्र. ‘सूर्या’ आणि ‘सुऱ्या’ ही जोडीही घेतली होती, पण तिथे उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद मध्ये येतो, म्हणून ती बाजूला ठेवली. (‘ऱ्हस्व’ हा शब्दही याच अक्षरानं सुरू होतो, हे लिहिताना लक्षात आलं. संस्कृतात ‘ह्रस्व’. आपण ह आणि र ची अदलाबदल केली आणि ती लिहायला अक्षर शोधलं.)

यादी वाचताना आईचा आवाज पोथी वाचायचा झाला. प्रत्येक र ठसठशीत, ‘राम’मध्ये तर दोन भेगा स्पष्ट. मी खूश झाले. मग रेकॉर्डर चालू असतानाच ती सहज म्हणाली, “वारा सुटलाय गं, ती खिडकी लाव आधी.” त्या ‘वारा’तला र चित्रात शोधायला मला वेळ लागला. भेगच नाही, नुसती जराशी फिकट सावली. जीभ कडेपर्यंत पोहोचलीच नव्हती, आणि तरी मला ‘वारा’ स्वच्छ ऐकू आला होता.

म्हणजे यादी वाचून घेणं उपयोगाचं नाही. यापुढे शब्द वाक्यात घालायचे आणि ते वाक्य बोलण्यातून काढून घ्यायचं.

२५ जून

चार माणसांचं बोलणं जमलं: आई, शाळेतले शिपाईदादा, सिडकोतली आतेबहीण आणि मी. दर्या आणि दऱ्या यांचे तुकडे कापून एकाखाली एक लावले.

वर्गात दिलेलं उत्तर चुकीचं होतं. दोन्ही शब्दांत र टिचकीचाच आहे आणि भेग जवळपास तेवढीच. फरक दिसतो तो शेजाऱ्यांत. ‘दर्या’त जीभ र वर टेकते तेव्हा पहिलं अक्षर तिथे बंद होतं, दर्‌ असं, आणि पुढचा य ताणला जातो. ऐकायला जवळजवळ ‘दर्य्या’. ‘दऱ्या’त द पटकन सुटतो आणि र थेट य च्या मांडीवर जाऊन बसतो.

छंद शिकवताना हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं आहे! जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तर ते गुरू, नसेल तर लघूच. गुरूला गा आणि लघूला ल म्हटलं, तर दर्या म्हणजे गा गा, दऱ्या म्हणजे ल गा. आचार्यांना आणि आचाऱ्यांना, तिथेही तेच. पण हा नियम कवितेच्या तासाचा म्हणून मी वेगळ्या कप्प्यात ठेवला होता, आणि त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर त्याच कप्प्यात होतं.

प्रश्न आता बदलला. ‘र किती लांब’ याऐवजी ‘लांबी जाते कुठे’ हे शोधायचं.

१ जुलै

एक माजी विद्यार्थिनी पुण्यात स्पॅनिश शिकते. तिनं तिच्या मेक्सिकोच्या शिक्षिकेकडून काही शब्द बोलून घेऊन पाठवले. ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. ‘कारो’ म्हणजे महाग, ‘कार्रो’ म्हणजे गाडी. एका बाजूला एक भेग, दुसऱ्या बाजूला तीन, मध्ये मध्ये स्वराच्या बारीक काड्या. कंगव्याच्या दातांसारखं चित्र. इथे लांबी खरोखर र च्या पोटात आहे आणि ती फडफडींनी मोजता येते.

गंमत म्हणजे स्पॅनिशमध्ये हा भेद फक्त दोन स्वरांच्या मध्ये चालतो. शब्दाच्या सुरुवातीला नेहमी थरथर, न, ल किंवा स च्या नंतरही थरथर. तिथे निवडच नाही.

इटालियनमध्येही ‘कारो’ आणि ‘कार्रो’ आहेत, अर्थ प्रिय आणि गाडा. कानाला जोडी तीच वाटेल, पण घडण निराळी. इटालियन भाषा बहुतेक सगळी व्यंजनं दुप्पट करू शकते: पाला म्हणजे फावडं, पाल्ला म्हणजे चेंडू. र त्या रांगेतला एक. आणि व्यंजन दुप्पट झालं की मागचा स्वर आखडतो. एकाला दिलेला वेळ दुसऱ्याकडून काढून घेतला जातो. स्पॅनिशमध्ये अशी दुप्पट व्यंजनांची रांग नाही, तिथे हे दोन र स्वतंत्र आहेत.

अल्बेनियनमध्ये टिचकीनं ‘अर’ म्हटलं की शेत, थरथरून ‘अर्र’ म्हटलं की अक्रोड. एवढ्याशा फरकावर शेत आणि अक्रोड वेगळे राहतात, याचं मला फार कौतुक वाटलं.

६ जुलै

नाशिकरोडच्या अम्मांकडे गेले. त्यांचे यजमान ओझरच्या विमान कारखान्यात होते. अम्मा पन्नास वर्षं इथे आहेत, मराठी आमच्याइतकीच सफाईदार, पण घरात मल्याळम.

“कोळसा आणि आमटी, दोन्ही म्हणून दाखवा,” म्हटलं. हसल्या. ‘करि’ आणि ‘कऱि’. पहिला कोळसा, दुसरी आपली करी. मी दोन्ही तसेच म्हणून पाहिले, तेव्हा म्हणाल्या, “तू दोन्ही वेळा कोळसाच वाढलास.”

चित्रात दुसऱ्या शब्दात कधी दोन भेगा, कधी एकच. भरभर बोलताना थरथर गळून पडते, तरी अम्मांच्या कानाला गोंधळ होत नाही, कारण दोन र ची जागाही वेगळी आहे. कोळशाचा र दातांकडे झुकलेला आणि त्याचा रंग इ-कारासारखा. लांबी हा भेदाचा एकच दोर, दुसरा दोर जागेचा.

मग विचारलं, कऱि मधला तो दुसरा र दोनदा जोडून लिहिला तर? मला वाटलं लांब थरथर ऐकायला मिळेल. अम्मा म्हणाल्या, ‘पाट्ट’, म्हणजे झुरळ. लिहिताना दोन ऱ, बोलताना मात्र त आणि ट यांच्या मधला, कडेवर टेकून थांबलेला एक स्पष्ट स्पर्श. लांबी वाढली तशी फडफड गेली आणि दारच बंद झालं. १९ जूनला लिहिलेलं आठवलं: जीभ टेकून राहिली तर र उरत नाही.

तेलुगूतही असा दुसरा र होता, आता तो वापरातून गेला आहे. त्या अक्षराला तिकडे ‘शकट रेफ’ म्हणतात, बोलीत ‘बंडि र’, म्हणजे गाडीचा र.

निघताना अम्मांनी डब्यात मीन करी दिली. नाव थरथरून म्हणून दाखवलं तेव्हाच डबा हातात दिला.

१३ जुलै

दोन दिवस झड. गोदेला पाणी चढलं आहे, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यांपर्यंत लागलं म्हणून लोक पुलावर बघायला जमले होते. नाशिककरांचं हे मोजमाप मला आवडतं. फूट-इंच कोणी विचारत नाही, मारुती किती बुडाला एवढंच विचारतात.

पंचवटीत गुरुजींकडे गेले. माध्यंदिन शाखेचे शुक्ल यजुर्वेदी. मी लॅपटॉप उघडून कंगव्याचं चित्र दाखवलं आणि विचारलं, संस्कृतात असा दुहेरी र कुठे येतो?

“येत नाही,” गुरुजी म्हणाले. “येऊ देत नाहीत. रो रि.”

पाणिनीचं सूत्र, आठव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातलं चौदावं. र च्या पुढे र आला की पहिल्याचा लोप. पुनर् अधिक रमते, पण ‘पुनर्रमते’ होत नाही, ‘पुना रमते’ होतं. गेलेल्या र चा वेळ वाया जात नाही, मागच्या अ चा आ होतो. त्यालाही सूत्र आहे, ‘ढ्रलोपे पूर्वस्य दीर्घोऽणः’.

मी म्हटलं, “गुरुजी, म्हणजे नीरस?”

“मग काय तर. निर् अधिक रस. नीरव, नीरस. तुम्ही शाळेत शिकवता की.”

शिकवते. विसर्गसंधीत: ‘पुढे र आल्यास विसर्गाचा लोप होऊन मागचा स्वर दीर्घ होतो.’ मुलं पाठ करतात, मीही तेच पाठ करत मोठी झाले. नी दीर्घ का, तर तो एका हरवलेल्या र ची भरपाई आहे, हे मी एकवीस वर्षांत एकाही वर्गाला सांगितलं नाही. ओसरीवर बसून मला ते फार लागलं, आणि आनंदही तितकाच झाला.

गुरुजी पुढे बोलत होते, मला लिहून घ्यायला वेळ पुरेना. ‘अचो रहाभ्यां द्वे’: स्वरानंतर र किंवा ह आला तर त्याच्या पुढचं व्यंजन विकल्पानं दुप्पट. अर्क किंवा अर्क्क. जुन्या पोथ्यांत ‘धर्म्म’, जुन्या छापील पुस्तकांत ‘आर्य्य’, ‘कार्य्य’ दिसतं ते यामुळे. मी २५ जूनची वही काढली. तिथे मी स्वतःच लिहून ठेवलं होतं: ऐकायला जवळजवळ ‘दर्य्या’. दर्या हा फारसी शब्द, पाणिनीशी त्याचा संबंध नाही, पण मराठी जिभेवर आल्यावर तोही त्याच वाटेनं चालला. र स्वतः लांबत नाही, शेजाऱ्याला लांबवतो.

शेवटी गुरुजींनी पुरुषसूक्ताची पहिली ओळ त्यांच्या शाखेच्या पद्धतीनं म्हटली: ‘सहस्रशीरेखा’. लिहिलेलं असतं ‘शीर्षा’. ष चा ख ऐकू येतो आणि र च्या पुढे एक छोटा ए निघतो. त्या छोट्या स्वराला वेदांच्या उच्चारांचे जुने ग्रंथ लिहिणाऱ्या प्रातिशाख्यकारांनी स्वरभक्ती असं नाव दिलं आणि ती मात्रेच्या अंशांत मोजली. हाच बारीक स्वर स्पॅनिश र जोडाक्षरात आला की चित्रात दिसतो, आणि तिकडचे अभ्यासक त्याला आपलाच शब्द वापरतात, ‘एस्वाराबातिका’. विद्यार्थिनीला रात्री हे कळवलं. तिचं उत्तर आलं की तो शब्द ती ग्रीक समजत होती.

१४ जुलै

रामकुंडावरच्या आरतीतून ‘हर हर महादेव’ घ्यायला गेले होते. घंटा आणि पाण्याच्या आवाजात चित्र पूर्ण काळं. रद्द.

२२ जुलै

जुन्या नाशकातल्या एका मौलवीसाहेबांची भेट झाली, शाळेतल्या सहशिक्षिकेच्या ओळखीनं. अरबीत र दुप्पट होतो, तश्दीद ही दुपटीची खूण लावून. पण कुराण पठणाच्या शास्त्रात, तज्वीदमध्ये, विद्यार्थ्याला सांगतात की र ची थरथर फार होऊ देऊ नकोस, जीभ आवर. आठव्या शतकातल्या सीबवैह या व्याकरणकारानं अरबी र ला ‘मुकर्रर’ म्हटलं, पुन्हा पुन्हा होणारा. मुशायऱ्यात शेर आवडला की लोक ‘मुकर्रर!’ म्हणून पुन्हा म्हणायला लावतात, तोच हा शब्द. मौलवीसाहेबांचं म्हणणं मला फार पटलं: र चा स्वभाव पुन्हा पुन्हा होण्याचा आहे, म्हणून तर आवरायचं शिकवावं लागतं.

दोन गुरूंकडे जाऊन आले. एकीकडे दुहेरी र मुळीच घडू द्यायचा नाही, दुसरीकडे घडला तरी फार वाजू द्यायचा नाही.

२ ऑगस्ट

मग मराठीत थरथर आहे कुठे? यादीतल्या ‘भुर्र’नं उत्तर दिलं. आतेबहिणीच्या चार वर्षांच्या मुलीला चिमणी दाखवली. “भुर्रर्र!” पाच भेगा. वारा म्हणताना जिची जीभ अजून अडखळते, ती भुर्र मात्र सलग म्हणते.

कापड टर्रकन फाटतं, साप सर्रकन जातो, काळजात चर्र होतं, पाखरांना हुर्र करतात. जिथे भाषा एखाद्या गोष्टीचा आवाज करून दाखवते, तिथे आपण र ला मोकळं सोडतो. ‘सर्रास’सारखे थोडे शब्द सोडले तर इतरत्र नाही. पक्का, सत्ता, गल्ली, कच्चा, बाकी व्यंजनं आपण खुशाल दुप्पट करतो, र बाबत हात आखडता. आणि ‘चर्र’मधली थरथर कमी केली तर अर्थ बदलत नाही, दुःख कमी होतं. स्पॅनिशच्या ‘पेर्रो’त थरथर काढली तर कुत्राच जातो. माझ्या मते मराठी र बद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

११ ऑगस्ट

स्वाध्यायाचे सगळे कागद पुन्हा टाइप केले. फोनच्या कीबोर्डवर आधी ‘ऱ’, मग हलन्त, मग य. त्या ‘ऱ’ची युनिकोडमधली मूळ ओळख द्राविडी भाषांतला दुसरा र लिहिण्याचं अक्षर अशी आहे, त्याचाच अर्धा आकार म्हणजे आपला पापणीसारखा ऱ्य. अम्मांच्या आमटीचा र आणि माझ्या दऱ्यांचा र एकाच खणातून निघतात. अम्मांना फोन करून सांगितलं.

सदतीस शब्द चुकीचे निघाले: तर्हा, बिर्हाड, दुसर्या, वार्यावर. बाजारातल्या पाट्यांवर, निमंत्रणपत्रिकांवरही हेच दिसतं. मुलं छापलेलं खरं मानून वाचतात, आणि त्यांनी तसंच वाचायला हवं. म्हणून छापणाऱ्यानं काळजी घ्यायची. तीन कळा दाबायचा कंटाळा केला, तर लघूचा गुरू होतो आणि डोंगराचा समुद्र होतो.

१९ ऑगस्ट

वर्गात तिन्ही चित्रं भिंतीवर लावली: पेर्रो, दर्या, दऱ्या. सतरा जूनला मी चुकीचं सांगितलं होतं हे आधी सांगितलं. मग मुलांनी हाताच्या टाळीवर दर्या-दऱ्या म्हणून पाहिलं. मागच्या बाकापर्यंत कळलं.

तो मुलगा चित्राशी बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, “बाई, वऱ्हाडचं काढा ना. त्यात र कुठे संपतो आणि ह कुठे सुरू होतो?”

तास संपल्यावर त्याच्याच आवाजात घेतलं. ‘आमचं वऱ्हाड उद्या निघणार.’ टिचकीची भेग सापडली, पण ह चा श्वास तिच्या आधीच, व मधल्या अ मध्ये सुरू झालेला दिसतोय आणि तिच्या पलीकडे आ पर्यंत पसरलाय. रेघ मारायला जागाच नाही. मी एकीकडे मारली, त्यानं दुसरीकडे. दोन्ही ठेवल्या आहेत. उद्या कुऱ्हाड, बिऱ्हाड आणि गोऱ्हा घ्यायचे. नवी फाईल उघडली, नाव ‘ऱ्ह-१’.